वाचले असे मानावे

सरकारचे म्हणणे असे : राष्ट्राध्यक्षांच्या अभिभाषणाच्या वेळी ध्वनिक्षेपकात तांत्रिक बिघाड झाला, त्यामुळे अभिभाषणातील एक वाक्य सभागृहाला ऐकू आले नाही, सबब ते वाक्य वाचले असे मानावे.

निवेदन छोटे, नेटके आणि व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होते. त्यात उणीव एवढीच, की ते ज्या देशात प्रसिद्ध झाले त्या देशातल्या माणसांना कान होते. अभिभाषण थेट प्रसारित झाले होते. ध्वनिक्षेपक बंद पडला म्हणतात नेमक्या त्याच वेळी काचेच्या तांब्यातून पेल्यात पाणी पडल्याचा आवाज घरोघरी ऐकू आला. घोट घेतल्याचा आवाज आला. पेला टेबलावर टेकल्याचा आला. मागच्या बाकावर कुणी खोकले, तेही दुकानादुकानांतून ऐकले गेले. म्हणजे या बिघाडाने पाणी जाऊ दिले, खोकला जाऊ दिला आणि अडवले ते फक्त एक वाक्य. इतका चोखंदळ बिघाड यंत्रांच्या इतिहासात दुसरा सापडणे कठीण.

अडलेले वाक्य हे : 'धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी खालच्या सर्व गावांना भोंगा वाजवून वेळेवर इशारा देण्यात आला होता.' जो भोंगा एकाही गावकऱ्याने ऐकला नव्हता तो वाजला होता, आणि जो ध्वनिक्षेपक सगळ्या देशाने ऐकला तो बंद होता, असे एकाच सरकारने एकाच आठवड्यात आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगितले.

राष्ट्राध्यक्षांनी ते निवेदन न्याहारीच्या टेबलावर वाचले आणि सवयीने लाल पेन शोधू लागल्या. राज्यघटना शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. विद्यापीठात त्यांना सगळे 'बाई' म्हणत, आणि देशाच्या सर्वोच्च पदावर बसल्यावरही ते नाव सुटले नव्हते. त्यांच्या पाठ्यपुस्तकातले एक वाक्य विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी परीक्षेत उतरवले होते : राष्ट्राध्यक्षाला आवाज असतो, मत नसते. मंत्रिमंडळ लिहून देईल ते त्याने वाचायचे. 'माझे सरकार' म्हणायचे, सरकार आपले नाही हे पक्के ठाऊक असताना म्हणायचे. हे वाक्य ज्यांनी घोकले त्यांच्यापैकी एक पुढे पंतप्रधान झाला, आणि राष्ट्राध्यक्षपद रिकामे होताच त्याला आपल्या बाई आठवल्या. नियम जिने लिहिला ती तो मोडणार नाही, असे त्याने ताडले. इतर पक्षांनीही माना डोलावल्या. बाई कुणाच्याच वाटेत नव्हत्या, म्हणून सर्वांचे एकमत झाले.

बाईंबरोबर त्यांची धाकटी बहीण राहायला आली होती. नवरा गेल्यावर एकटीने राहण्यापेक्षा ताईचे भव्य घर काय वाईट, असे तिने ठरवले. मात्र त्या घराचे शिष्टाचार पाळायचे तिने साफ नाकारले. ती स्वयंपाकघरात बसून चहा घेई आणि निवासस्थानातल्या सगळ्यांची लग्ने, दुखणी आणि भांडणे तिला मुखोद्गत असत. बाईंच्या पदाबद्दल तिचे मत ठाम होते. "ताई, तू म्हणजे देशाच्या दिवाणखान्यातलं चांगलं कपाट," ती म्हणे. "पाहुणे आले की उघडायचं, गेले की पुसून बंद."

हे कपाट कधीकधी दुःखाच्या ठिकाणीही नेऊन ठेवत. धरणाच्या पाण्याने खालची गावे धुऊन नेली, तेव्हा सरकारने बाईंना सांत्वनाला धाडले. दौऱ्याचा कार्यक्रम आखलेला होता : कुठे थांबायचे, कुणाचा हात हातात घ्यायचा, छायाचित्र कुठून निघणार. आखणीत राहिले ते एवढेच, की हात हातात घेतला म्हणजे ती व्यक्ती बोलू लागते. शाळेच्या वर्गात अंथरलेल्या सतरंजीवर बसलेल्या एका पूरग्रस्त स्त्रीने राष्ट्राध्यक्षांचा हात सोडलाच नाही. भोंगा ह्याच शाळेच्या छतावर आहे, ती म्हणाली. दर महिन्याला चाचणीला वाजवतात तेव्हा तान्ही पोरे दचकून रडतात. त्या पहाटे एकही पोर रडले नाही. सगळी झोपेतच होती. राष्ट्राध्यक्षांनी पुढच्या वर्गात विचारले, त्याच्या पुढच्या वर्गात विचारले. उत्तर तेच. सोबतचा धरणाचा अभियंता सगळा वेळ आपल्या बुटांकडे पाहत होता.

अभिभाषणाचा मसुदा आला तेव्हा बाईंनी ते वाक्य गाळण्याची सूचना रीतसर पाठवली. विचार करू, असे रीतसर उत्तर आले. पुढे मसुदा परत आला तो अधिक चांगल्या कागदावर, आणि वाक्य जिथल्या तिथे.

म्हणून सभागृहात त्या वाक्यापाशी पोचल्यावर बाईंनी तांब्या उचलला, पाणी ओतले, प्यायल्या आणि पुढच्या वाक्यापासून वाचू लागल्या. खोटे बोलल्या नाहीत आणि सरकारचा उपमर्दही केला नाही. घरी परतताना मोटारीत त्या स्वतःवर खूश होत्या. घटनेच्या चौकटीत राहून केलेला इतका सुबक निषेध आपल्याच एखाद्या तळटीपेत शोभला असता, असेही त्यांच्या मनात येऊन गेले. विद्वत्तेची ही खोड जुनीच आहे : पेच सुटला की तो कुणाच्या अंगावर सुटला हे पाहायचे राहून जाते.

परदेशी राजदूताच्या स्वागताची तयारी चालली होती त्या दिवशी दालनात माइक लावायला भलताच माणूस आला. नेहमीचे ध्वनीवाले कुठे आहेत, असे बाईंनी विचारले. बाईंच्या सचिवांनी ते रजेवर आहेत म्हणून सांगितले आणि खिडकीचे पडदे फार रस असल्यासारखे न्याहाळू लागले. जेवताना धाकटीने खरे काय ते पानात वाढले.

"रजा कसली," ती म्हणाली. "निलंबित केलंय त्याला. माइक बिघडला म्हणायचं तर कुणीतरी बिघडवलेला हवा ना? समिती बसणार आहे. संसदेतला एक आणि इथला एक, असे दोन माइक आयुष्यभर सांभाळले बिचाऱ्यानं. तू पाणी प्यायलीस आणि ठसका त्याला लागला, ताई."

बाईंचा घास हातातच राहिला. जेवण आटोपण्याचीही वाट न पाहता त्यांनी दूरध्वनी मागवला. सचिवांनी नंबर जुळवून देण्याची तयारी दाखवली. बाईंनी स्वतःच फिरवला.

पलीकडे ध्वनीवाल्यांची बायको होती. राष्ट्राध्यक्ष बोलते आहे, असे बाईंनी सांगितले. "हो का? बरं," ती म्हणाली. "मग जरा थांबा, मी इकडे पंतप्रधानांसाठी भाजी चिरतेय." निलंबनाची कुणकुण कचेरीत पसरल्यापासून तिला रोज कुणी ना कुणी असे छळत असावे. बाईंनी नवऱ्याला बोलवण्याची पुन्हा विनंती केली, तेव्हा त्या आवाजातली अभिभाषणी संथता तिच्या ध्यानात आली आणि रिसीव्हर कुठेतरी आपटल्याचा आवाज झाला.

ध्वनीवाले स्वभावाने गर्विष्ठ होते आणि ते लपवतही नसत. कोणता मंत्री शेजाऱ्याशी कुजबुजतो, कुणाची खुर्ची करकरते, हे सगळे ओळखून ते बेताने आवाज खालीवर करत. इतिहासात मंत्री जेवढे सभ्य ऐकू येतात त्यातला निम्मा सभ्यपणा माझा आहे, असे ते चारचौघांत सांगत. आज त्यांचा आवाज मात्र कुणी बटण फिरवून खाली केल्यासारखा येत होता. बाईंनी मनाला लावून घेऊ नये, ते म्हणाले. खात्याने मजकूर लिहून दिला आहे. समितीपुढे तो फक्त वाचायचा आहे.

"काय लिहिलंय त्यात?"

"बिघाड माझ्या हलगर्जीपणामुळं झाला, असं."

"ते खरं आहे?"

"बाई, राहतं घर सरकारी आहे," ते म्हणाले. "वाचलं तर निवृत्तीचं वय होईपर्यंत राहू देतील, असं साहेब म्हणालेत. नोकरी जाईल, घर राहील. नाही वाचलं तर दोन्ही." मग, कुठलाही टोमणा नसलेल्या स्वरात, एखादी माहिती द्यावी तसे त्यांनी पुढे जोडले, "आणि आपणही वाचताच की, दुसऱ्यानं लिहिलेलं."

बाईंनी फोन ठेवला. पेच त्यांच्यापुढे आता स्वच्छ उभा होता, आणि तो कुठल्या पाठ्यपुस्तकातला नव्हता. त्या माणसाने कागद वाचला की बिघाड सिद्ध. बिघाड सिद्ध की वाक्य वाचलेले. वाक्य वाचलेले की भोंगा वाजलेला. राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून संसदेत गेलेल्या गोष्टीवर पुन्हा चौकशी बसवायची नाही, असा जुना पायंडा. म्हणजे शाळेच्या वर्गातली ती माणसे खोटी ठरणार, आणि त्या साखळीची पहिली कडी एका माणसाचे राहते घर.

पंतप्रधान दर आठवड्याला चहाला येत. राज्यकारभाराची माहिती राष्ट्राध्यक्षांना द्यावी असा नियम आहे. ती किती द्यावी यावर नियम गप्प आहे, त्यामुळे चहा निवांत होई. या खेपेला बाईंनी चहा ओतण्याआधीच विषय काढला. वाक्य सरकारने स्वतःहून मागे घ्यावे आणि त्या गृहस्थांना कामावर घ्यावे. आपण जन्मभर अवाक्षर काढणार नाही. पंतप्रधानांनी शांतपणे ऐकून घेतले. ते वाईट विद्यार्थी कधीच नव्हते.

"बाई, तुम्हीच शिकवलंत. आवाज असतो, मत नसतं."

"शिकवलं. आणि तू ते पाठ केलंस," बाई म्हणाल्या. "समजून घेतलं असतंस तर खोटं वाक्य माझ्या तोंडात घालताना हात थांबला असता तुझा. मत नसणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यायचं, तर निदान खरं तरी लिहावं लागतं. तेवढ्यासाठीच तो नियम आहे." त्यांनी कप पुढे सरकवला. "भोंगा वाजला होता का रे?"

"नोंदीत वाजलाय, बाई."

"नोंद कुणी केली?"

पंतप्रधानांनी साखर ढवळली, जी त्यांनी घातलीच नव्हती. ज्याने भोंग्याची देखभाल करायची तो कंत्राटदार आपल्या मेव्हण्याचा मित्र आहे, हे त्यांनी सांगितले नाही. बाईंना धाकटीकडून ते आधीच कळले होते. पंतप्रधानांनी सांगितले ते निराळे. राष्ट्राध्यक्ष मंत्रिमंडळाच्या सल्ल्याविना बोलल्या, तर महाभियोग आणावा लागेल. ज्यांनी घडवले त्यांच्यावर तो आणायला आपल्याला जड जाईल, पण आणावा लागेल. हे बोलताना त्यांचा चेहरा प्रामाणिकपणे दुःखी झाला होता, आणि बाईंना त्याचाच अधिक संताप आला. धमकी द्यावी आणि वर सहानुभूतीचीही अपेक्षा करावी, हे त्यांनी कुठल्याही तासाला शिकवलेले नव्हते.

"आण," त्या म्हणाल्या. "पण बिस्किट घेऊन जा. सकाळपासून उपाशी दिसतोस."

दाराशी जाऊन पंतप्रधान घुटमळले. समितीचे काम उद्या सकाळी सुरू होते, ते पाठमोरेच म्हणाले, आणि त्या खोलीत कुणालाही जाता येते. एवढे बोलून ते गेले. ती चूक होती की परवानगी, हे बाईंना पुढेही कधी कळले नाही. वर्गातही हा मुलगा उत्तर येत असताना हात वर करत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मोटार मागवली आणि कुठे जायचे ते सांगितले. सचिवांनी आयुष्यात 'पूर्वी असे झालेले नाही' हे वाक्य इतक्या वेळा म्हटले होते, की निवासस्थानातला पोपटही ते शिकला असता, पोपट पाळायला त्यांनी परवानगी दिली असती तर. राष्ट्राध्यक्षांना कोणत्याही चौकशीपुढे बोलावता येत नाही, त्यांनी सांगितले. मला कुणी बोलावलेलं नाही, बाई म्हणाल्या. राष्ट्राध्यक्षांना प्रश्न विचारता येत नाहीत. मग विचारू नयेत, बाई म्हणाल्या. आपण होऊन जायला मनाई आहे का, एवढेच सांगा.

सचिव उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले आणि साऱ्या नोकरीत पाठ केलेली नियमांची चळत मनातल्या मनात उलटून पाहिली. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती आणि तिच्या कडेने, ओळख विसरलेल्या पाहुण्यासारखे, काहीतरी आनंदासारखे.

"मनाई नाही, मॅडम," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत कुणाला सुचलंच नसावं." मग त्यांनी स्वतःचा कोट घातला. आपणही यावे असे बाई म्हणाल्या नव्हत्या.

समितीची खोली अरुंद होती : लांब टेबल, त्यामागे एक निवृत्त न्यायाधीश आणि दोन सभासद, कोपऱ्यात लघुलेखिका, समोर आरोपीची खुर्ची, भिंतीशी कागदपत्रांची कपाटे. श्रोत्यांच्या बाकावर ध्वनीवाल्यांची बायको पर्स घट्ट धरून बसली होती. ध्वनीवाले खुर्चीशेजारी उभे राहून वाचत होते. 'माझ्या हलगर्जीपणामुळे' या शब्दांपर्यंत ते आले होते, तेवढ्यात दार उघडले.

राष्ट्राध्यक्ष आल्यावर सर्वांनी उठायचे आणि त्या बसल्याशिवाय बसायचे नाही, हा शिष्टाचार. न्यायाधीश उठले, सभासद उठले, लघुलेखिका पेन्सिलीसकट उठली. खोलीत रिकामी खुर्ची एकच होती. बाई तिच्यावर जाऊन बसल्या. ती आरोपीची आहे, असे कुणीतरी पुटपुटले. बाईंनी ठाऊक असल्याची मान हलवली. राष्ट्राध्यक्षांना प्रश्न विचारण्याचा समितीला अधिकार नाही, असे न्यायाधीशांनी अतीव आदराने निवेदन केले.

"म्हणून तर आले," बाई म्हणाल्या. "प्रश्न असले की माणूस प्रश्नापुरतंच बोलतो. बाईसाहेब, आपण लिहून घ्याल ना?"

लघुलेखिकेने न्यायाधीशांकडे पाहिले. समितीपुढे जे बोलले जाईल ते शब्दशः उतरवायचे, हा तिच्या कामाचा एकमेव नियम होता, आणि त्याला अपवाद कुणी लिहून ठेवलेला नव्हता. ती बसली आणि तिने पान उलटले. ध्वनीवाल्यांनी हातातला कागद दुमडून खिशात घातला. मग पुढे वाकून त्यांनी टेबलावरचा माइक बाईंच्या तोंडाशी आणला, एका बोटाने त्यावर टकटक केली आणि मागे सरले. त्यांना तसे करायला कुणी सांगितले नव्हते; निलंबित माणसाला तो अधिकारही नव्हता.

महाभियोगाची घोषणा झाली. ती ज्या सभागृहात झाली तिथल्याच काही सभासदांना आपापल्या मतदारसंघात खालची गावे आहेत याची आठवण झाली, आणि प्रस्तावावर सह्या गोळा करणारे अजूनही गोळाच करत आहेत. ध्वनीवाले कामावर परतले. परतल्यावर त्यांचा गर्व दुप्पट झाला आणि कुणी त्याला हरकत घेतली नाही. भोंग्याची चौकशी उघडली. त्या अभियंत्याला बोलावले तेव्हा तो बुटांकडे न पाहता बोलला, असे सांगतात. धाकटीने सगळे ऐकून ताईला एवढेच म्हटले, की कपाटात एवढा जुना ऐवज असेल असे वाटले नव्हते.

पुढच्या वर्षीच्या अभिभाषणाचा मसुदा निवासस्थानी आला तो या वेळी खूप आधी आला, आणि त्यासोबत पंतप्रधानांच्या हस्ताक्षरात विचारणा होती, की यात वाचता न येण्यासारखे काही आहे काय.

या सगळ्याचे मूळ असलेला जबाब समितीच्या कागदपत्रांत आहे. सरकारने त्यातून गाळावे असे काही सुचवले होते. लघुलेखिकेने काहीही गाळले नाही. तो शब्दशः असा :

"ध्वनिक्षेपक सुरू होता, आणि उत्तम सुरू होता. या गृहस्थांकडून काहीही चुकलेलं नाही. भोंग्याचं वाक्य माझ्यासमोर होतं, चष्मा डोळ्यांवर होता, उजेड पुरेसा होता. ते मी वाचलं नाही, कारण ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. ज्यांना जागं करायला तो भोंगा बसवला होता, त्यांना मी स्वतः विचारलं होतं. खोटं वाचायचं नव्हतं आणि हे खोटं आहे असं म्हणण्याची हिंमत नव्हती, म्हणून मी मधला मार्ग काढला आणि त्याला शहाणपण समजले. तो भित्रेपणा होता. मी गप्प राहिले, त्या रिकाम्या जागेत दुसऱ्यांनी त्यांना हवं ते भरलं, आणि शिक्षा ज्यांच्या वाट्याला आली त्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. मला कुणी गप्प बसवलं नव्हतं. मी आपण होऊन गप्प बसले. भोंगा वाजला नव्हता. हे मी त्या दिवशी सभागृहात उभी राहून सांगायला हवं होतं. आज इथे बसून सांगते आहे."